तीन भागांपुरता दादा

स्लेड तुरुंगातला हॅरी ग्राउट आवाज चढवत नाही. त्याला गरजच पडत नाही. कागदोपत्री कारभार गव्हर्नरचा, प्रत्यक्षात ग्राउटचा. वॉर्डरांना लीलया बनवणारा मुरलेला कैदी फ्लेचर (म्हणजे रॉनी बार्कर) त्याच्या सजवलेल्या कोठडीत शिरला की शब्द तोलून बोलू लागतो. बीबीसीची ‘पॉरिज’ ही विनोदी मालिका १९७४ ते १९७७ या काळात आली. तिच्यात ग्राउट दिसतो अवघ्या तीन भागांत, आणि पुढे १९७९ च्या चित्रपटात. तरी ही भूमिका करणारे नट पीटर व्हॉन म्हटले की ब्रिटिश प्रेक्षकाला आधी ग्राउटच आठवायचा.

त्यांचं जन्मनाव पीटर इवार्ट ओम. ४ एप्रिल १९२३ रोजी श्रॉपशरमधल्या वेम या गावी जन्म. वडील ऑस्ट्रियातून आलेले, बँकेत कारकून. शाळा सुटल्यावर वुल्व्हरहॅम्प्टनच्या रेपर्टरी कंपनीत उमेदवारी. रेपर्टरी म्हणजे रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. तिथे नट कुठलीही भूमिका चटकन उभी करायला शिकतो. मग युद्ध आलं. व्हॉन सैन्याच्या सिग्नल विभागात होते. नॉर्मंडी, बेल्जियम, अतिपूर्व असा प्रवास झाला. परतल्यावर पुन्हा रंगभूमी, आणि १९५९ च्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये श्रेयनामावलीतही नसलेला एक पोलीस.

जड जबडा, बारीक डोळे, भरदार अंग. या चेहऱ्याला कॅमेऱ्याने गुंड, पोलीस आणि अधिकारी एवढ्याच जागा देऊ केल्या. सॅम पेकिन्पाच्या ‘स्ट्रॉ डॉग्ज’मधला (१९७१) दारुडा टॉम हेडन त्यांचं गाजलेलं काम, पण मला ते जरा मोठ्या आवाजातलं वाटतं. त्यापेक्षा टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’मधला (१९८५) चाकाच्या खुर्चीतला उपमंत्री हेल्पमन कितीतरी भयंकर, कारण तो वडीलधाऱ्या मायेने बोलतो.

सत्तरीला आलेल्या व्हॉनना खरी संधी मिळाली ती ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये (१९९३). निर्मात्यांत मूळचे मुंबईचे इस्माइल मर्चंट, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी. अँथनी हॉपकिन्स बटलर स्टीव्हन्स, आणि व्हॉन त्याचे वडील. वास्तविक दोघांत अंतर जेमतेम पावणेपंधरा वर्षांचं. पडद्यावर ते खटकत नाही. आयुष्यभर इतरांच्या घरी चाकरी केलेला हा म्हातारा आता मुलाच्या हाताखाली आहे. एकदा तो चहाचा ट्रे घेऊन बागेत पडतो. मग मुलगाच पहाटे त्याच्या खोलीत जाऊन कामं कमी केल्याचं सांगतो, अगदी कार्यालयीन भाषेत. व्हॉन इथे अपमानाचा अभिनय करत नाहीत. ते थांबून ऐकून घेतात, बस्स. ग्राउटमध्ये हेच थांबणं दहशतीचं होतं. इथे त्याच थांबण्यात थकवा आहे, थोडा करारीपणाही. खाली पाहुण्यांची सरबराई चालू असताना वडील वर मरतात, मुलगा खाली वाढत राहतो. हॉपकिन्सच्या त्या प्रसिद्ध प्रसंगाचं अर्धं वजन तिथे नसलेल्या व्हॉनचं आहे, असं मी म्हणेन.

तीन वर्षांनी बीबीसीच्या ‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’ या नऊ भागांच्या मालिकेत ते फेलिक्स हचिन्सन झाले. १९३६ साली जॅरोच्या बेकारांनी लंडनपर्यंत पायी मोर्चा नेला होता, फेलिक्स त्यातला. त्याचा मुलगा राजकारणाने पेटलेला; फेलिक्सचा मात्र राजकारणावरचा विश्वास उडालेला. पुढे स्मृतिभ्रंश त्याच्या आठवणीच पुसून टाकतो, तेव्हा मुलाला भांडायलाही कुणी उरत नाही. चरित्र अभिनेत्याला इतका लांब पल्ला क्वचित मिळतो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे (२०११ पासून) नव्या पिढीला ते मेस्टर एमॉन म्हणून माहीत झाले. एमॉन आंधळा, तोवर व्हॉनची स्वतःची दृष्टीही बरीच अधू झाली होती. नजरेने धाक घालणाऱ्या नटाला आता केवळ आवाज आणि मानेचा कल एवढ्यावर भागवायचं होतं, आणि त्यांनी ते भागवलं. ज्या मालिकेत माणसं तलवारीने नाहीतर विषाने मरतात, तिथे २०१५ च्या पाचव्या पर्वात एमॉन वार्धक्याने, स्वतःच्या बिछान्यात मरतो. व्हॉन त्यानंतर दीडेक वर्षाने, ६ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले.