दगड जागेवर

मे महिना. पाटोद्याच्या पुढे बालाघाटाचा माळ: काळा कातळ, मुरूम, वाळलेली कुसळं, मधूनच एखादी बोर. दिवस बुडून तास झाला तरी दगड हाताला चटकत होते. आमचं काम ऐकायला सोपं. दगड उचलायचा, खाली बघायचं, परत ठेवायचा. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड.

आकडा दगडाच्या पलीकडच्या कडेला लावायचा आणि दगड आपल्याकडे उचलायचा. खालून जे निघेल ते पलीकडे निघतं, मधे दगडाची आड राहते. बोटं आत घालायची नाहीत. फुरशालाही अशीच सांद आवडते. पहिल्या तासात तीन विंचू, एक गोम. पाल नाही.

"पाहुणं, काय हुडकायलाव?" उसाच्या तोडीवरून नुकतेच परतलेले एक आजोबा बॅटरी बघून आले होते.

"पाल."

"पालीसाठी एवढ्या लांब? आमच्या घरात चार हाईत, घिऊन जावा."

बांधालगतच्या चपट्या दगडाखाली ती सापडली. वितीला कमीच. फिकट तपकिरी अंगावर रुंद आडवे पट्टे, त्यांच्या कडेला पांढरे ठिपके. पाठभर रांगेनं बसलेले कंगोरेदार दाणे, जणू कुणी मोजून टाचले आहेत. डोळ्यांना पापणी नाही. तिनं जीभ बाहेर काढून डोळा चाटून घेतला, काच पुसावी तसा. हात लावला नाही. घाबरली की शेपूट टाकते, आणि एवढ्या कमाईची शेपूट आमच्या हौसेपायी का जावी?

"इखारी का?" आजोबा मागे सरकले. नाही, जराही नाही. त्यांना ते पटलं नसावं.

या पाठीवरच्या दाण्यांनी शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवलं. दोदँ या फ्रेंच अभ्यासकानं 1802 साली तीन कडांच्या दाण्यांवरून 'ट्रायड्रस' हे नाव दिलं, आणि पुढं अशा दिसणाऱ्या कितीतरी पाली त्याच नावाखाली गेल्या. 2018 साली डीएनए आणि खवले पडताळल्यावर त्यातून दोन नव्या जाती वेगळ्या निघाल्या. एकीला संपादक बिट्टू सहगल यांचं नाव मिळालं, दुसरीला सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांचं. बॅटरीच्या उजेडात जात ठरवण्याच्या फंदात म्हणूनच पडलो नाही. वहीत 'ट्रायड्रस गट', दगडाखालचं तापमान आणि वेळ लिहिली.

ती बांधाच्या फटीत शिरल्यावर दगड ठेवायला घेतला. खाली त्याचा ठसा उमटलेला होता, मऊ आणि गारसर. एक बोटभर सांद राहायला हवी. दगड तिरका बसला तर ऊन आत शिरतं, दाबून बसला तर पालीलाच वाट राहत नाही. मी ठेवला, मागे सरकून बघितलं, बरा वाटला.

आजोबा वाकले, दगड वीतभर फिरवला.

"आसा व्हता," म्हणाले.