बोथट टोकाचा चाकू

रस्त्याच्या कडेला मोटार उलटून पडली आहे, आतला प्रवासी आसनपट्ट्याला अडकून डोके खाली अशा अवस्थेत लोंबकळतो आहे, त्याच्या साऱ्या देहभाराने पट्टा ताणला गेल्यामुळे कुलुपाची कळ कितीही दाबली तरी सुटत नाही आणि चेपलेली दारे उघडण्याचे नाव घेत नाहीत, अशा प्रसंगी अग्निशमन दलाचा जवान खिशातून जो चाकू बाहेर काढतो तो अतिशय अणकुचीदार असला पाहिजे, असे कोणाच्याही मनात येईल. प्रत्यक्षात अशा कामासाठी घडविलेल्या पात्याला बहुधा टोकच नसते. पात्याची पाठ पुढे उतरत येऊन धारेला मिळते आणि शेवट बोथट राखलेला असतो. शिडाच्या जहाजांवरील खलाशी असे पाते फार पूर्वीपासून वापरीत; हेलकावणाऱ्या डेकवर दोर कापताना तोल गेला तरी ते स्वतःच्या किंवा सोबत्याच्या अंगात शिरू नये, हा त्यातला हेतू. मेंढीच्या खुराशी असलेल्या साम्यावरून इंग्रजीत त्याला ‘शीप्सफूट’ म्हणतात. जिवंत माणसाच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर चालवावयाच्या चाकूची पहिली पात्रता ही, की काय कापू नये हे त्याच्या घडणीतच ठरलेले असावे.

परंतु या चाकूमागील शास्त्र त्याहून खोल आहे. मोटारीत माणसाला कोंडून ठेवणाऱ्या दोन वस्तू, म्हणजे आसनपट्टा आणि खिडकीची काच, या दोन्ही मुळात त्याच्या रक्षणासाठीच निर्माण झालेल्या आहेत. आघाताच्या क्षणी ज्यांनी प्राण राखले, त्याच दुसऱ्या क्षणी पहारेकरी होऊन वाट अडवितात. त्यांच्याशी बळाने झुंजणे व्यर्थ, कारण बळाला पुरून उरावे अशाच रीतीने त्यांची रचना केलेली असते. त्यांचे मर्म जाणावे लागते, आणि पोलीस शिपाई, अग्निशामक किंवा रुग्णवाहिकेवरील सेवक यांच्याजवळचा हा चाकू म्हणजे त्या मर्मांचे ज्ञानच मिटून खिशात ठेवलेले असते.

प्रथम पट्ट्याचे पाहू. तीन ठिकाणी जखडलेला, आज जगभर रूढ असलेला पट्टा व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ साली प्रचारात आणला. पॉलिएस्टरच्या धाग्यांनी घट्ट विणलेल्या या पट्ट्याची रुंदी पाच सेंटिमीटरांहूनही किंचित कमी असते. तथापि अमेरिकी मानकानुसार त्याच्या कमरेवरील भागाने २,२०० किलोंहून अधिक वजनाइतका ताण सोसला पाहिजे. ही शक्ती धाग्यांच्या एकजुटीची आहे. ओढणाऱ्याला सर्व धाग्यांशी एकाच वेळी सामना करावा लागतो, तर धार त्यांना थोडेथोडे करून गाठते. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर तो चेपतो, पण तोच पात्यावरून सरकविला की अलगद चिरला जातो, हे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक असते. धार आडवी सरकली म्हणजे ती साल बाजूला ओढून फाडते आणि वरून द्यावा लागणारा दाब कितीतरी कमी होतो. धारेला दाते असले तर हा लाभ आणखी वाढतो. हाताचा सारा जोर मोजक्या दात्यांच्या अग्रांवर एकवटतो, धागे निसटून न जाता दात्यांच्या खोबणीत सापडतात, आणि पाते चुकून लोखंडावर घासले तरी खोबणीतली धार शाबूत राहते. भातकापणीच्या दातेरी विळ्याचे तत्त्व हेच होय.

याखेरीज अशा चाकूला आकड्यासारखी एक अरुंद खाच असते व तिच्या आत धार लपविलेली असते. पट्टा त्या खाचेत शिरतो, बोट शिरत नाही. पट्टा ताठ धरून तिरकी ओढ दिली की ताणलेले धागे तुटताच दूर सरतात आणि खाचेत गोळा होऊन अडत नाहीत. मात्र उलटा लोंबकळणारा माणूस पट्टा तुटताक्षणी मानेवर कोसळण्याची भीती असते. म्हणून खांद्यांना आधार देण्याचा बंदोबस्त आधी आणि चाकू नंतर, असा क्रम पाळावा लागतो.

रुग्णसेवकाच्या कात्रीतही हीच दक्षता आढळते. जखमीचे कपडे कापणाऱ्या कात्रीचे खालचे पाते टोकाशी चपटे व गुळगुळीत असते, त्यामुळे ते कातडीला इजा न करता तिच्यावरून सरकत जाते. इंग्लंडच्या तुरुंगांत कोठड्यांवर पहारा करणाऱ्या कर्मचाऱ्यांजवळ गळ्याभोवतीचा फास तोडण्यासाठी अशाच आकड्याचे छोटे हत्यार असते. तेथे पहिले कर्तव्य श्वास मोकळा करण्याचे. परंतु शक्य असेल तर गाठ सोडून अन्यत्र कापावे, असाही शिरस्ता आहे, कारण पुढे पंचनाम्यात ती गाठच पुरावा म्हणून बोलते.

ही कामे बहुधा एका हाताने, जाड हातमोजे घालून आणि अंधारात करावी लागतात. कार्ल एल्सनर याने १८९१ साली स्विस सैन्याला मिटते चाकू पुरविण्यास प्रारंभ केला, तेव्हा ते उघडण्यास दोन्ही हात लागत. १९८१ साली अमेरिकेतील स्पायडर्को या कारखान्याने पात्याला वाटोळे भोक आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकणारी पट्टी दिली, आणि नुसत्या अंगठ्याने पाते उघडणे सुलभ झाले. उघडलेले पाते बोटांवर मिटू नये म्हणून त्याला खटका असतो. कर्तव्यावर वापरावयाच्या चाकूत तो अनिवार्यच समजला पाहिजे.

आता काचेकडे वळू. दाराच्या खिडकीची काच ६०० अंशांहून अधिक तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेच्या झोतांनी झटपट निववितात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, अंतर्भाग मागाहून निवतो व आकसताना पृष्ठभागाला आत खेचीत राहतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि अंतर्भाग कायमचा ताणाखाली राहतो. पूर्णपणे कठीण केलेल्या काचेच्या पृष्ठावरील हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो किंवा त्याहून अधिक असतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या सुमारे चौपट बळकट होते आणि मुठीने, कोपराने किंवा लाथेने सहसा फुटत नाही.

परंतु या बळकटीच्या पोटातच तिचा नाश साठविलेला असतो. सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्ट याने इंग्लंडच्या दरबारी काचेचे काही विलक्षण थेंब आणले होते. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेल्या या थेंबाचे डोके हातोड्याच्या घावाला दाद देत नसे, पण त्याची बारीक शेपटी मोडताच सबंध थेंब पीठ होऊन उडे. रॉबर्ट हूक याने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याचा विचार केला, आणि १९९४ साली चंद्रशेखर व चौधरी या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखविले की त्यातील तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. मोटारीची काच याच जातीची. तिच्यातील दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या जेमतेम एक पंचमांश, म्हणजे चार मिलिमीटरांच्या काचेत एक मिलिमीटरही नाही. तेवढे कवच एका बिंदूत भेदले की आतला ताण स्वतःच उरलेले काम करतो. म्हणून मुठीच्या शेवटी टंगस्टन कार्बाइडची, काचेहून कितीतरी कठीण अशी, लहानशी टोकदार अणी बसविलेली असते. घाव मध्यभागी न घालता खालच्या कोपऱ्याजवळ घालावा. मध्यावर काच किंचित लवून आघात पचविते, कोपऱ्यात तिला लवण्यास वाव नसतो.

या ज्ञानाची किंमत मुंबईने दिलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाण्याने वेढलेल्या बंद मोटारींत माणसे गुदमरून दगावली. मीटरभर लांबरुंद दारावर पाणी काठोकाठ चढले आणि आत शिरलेले नसले, तर बाहेरून सुमारे ५०० किलोंचा भार पडतो. तो एकट्या माणसाने लोटावा कसा? कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी मोटारी प्रत्यक्ष पाण्यात उतरवून प्रयोग केले. त्यांचे सांगणे असे, की मोटार प्रथम अर्धा मिनिट ते दोन मिनिटे तरंगते; त्या अवधीत पट्टे सोडून, खिडक्या उघडून, मुलांना आधी बाहेर काढून निसटावे. काच उघडलीच नाही, तर स्प्रिंगच्या जोराने चालणारी टोची उपयोगी पडते, कारण पाण्याखाली हातोडा वेगाने फिरविता येत नाही.

तथापि सर्व काचांचे मर्म एक नाही. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यातून दोन काचांमध्ये चिवट पडदा असलेली काच जन्मास आली, आणि आज समोरची काच तशीच असते. ती टोचल्याने केवळ जाळीदार तडकते. तिच्यासाठी करवत लागते, आणि म्हणूनच एल्सनरच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या बचावचाकूत टोचीबरोबर करवतही दिलेली आहे. आता अनेक मोटारींच्या बाजूच्या खिडक्यांनाही अशी काच बसवितात, कारण ती प्रवाशाला बाहेर फेकले जाण्यापासून वाचविते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली काच फोडण्याची सहा हत्यारे तपासली, तेव्हा त्यांपैकी चारांनी कठीण केलेली काच फोडली, पण पडद्याची काच एकालाही भेदता आली नाही.

रक्षक बदलला की त्याचे मर्मही बदलते, आणि ज्याला त्याची खबर नाही त्याच्या हातातला उत्तमातला उत्तम चाकू निरुपयोगी ठरतो. सुदैवाने ही खबर फार दूर नाही. खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यात, ठशाखालच्या बारीक अक्षरांत, ती कोणत्या जातीची आहे हे बहुधा नोंदलेले असते. बचावाला येणारा माणूस ती अक्षरे धूर, पाणी किंवा काळोख यांतून वाचण्याचा प्रयत्न करील. आपल्याला मात्र ती आज संध्याकाळी, अंगणात उभ्या असलेल्या मोटारीजवळ निवांतपणे वाकून वाचता येतील, आणि ती प्रत्येक मोटारधारकाने वाचावीत.