इंजेक्शन घेतलं, मग थरात उभा राहू?

गुरुपौर्णिमा झाली की चारकोपमध्ये रात्री मैदानांवर गोविंदांची प्रॅक्टिस सुरू होते. आमच्या सेक्टरमधला एक मित्र, टीवायला आहे, तीन वर्षं सगळ्यात खालच्या थरात उभा राहतोय. यंदा मात्र तो कट्ट्यावर बसून होता. कमरेपासून थेट पोटरीपर्यंत कळ. एमआरआयमध्ये कळलं, मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय. गोळ्या आणि फिजिओथेरपी करून दोन महिने झाले, तरी फरक नाही. मग डॉक्टरांनी एपिड्युरल इंजेक्शनचा पर्याय सुचवला. त्याचा पहिला प्रश्न काय? ‘‘घेतलं की हंडीला उभा राहू शकतो ना?’’

हे इंजेक्शन म्हणजे दंडाला टोचलं आणि घरी आलो, असं नसतं. पेशंटला पालथं झोपवतात. वर ‘सी-आर्म’ नावाचं एक्स-रे मशीन असतं. स्क्रीनवर मणके बघत बघत सुई आत जाते. टोक नेमक्या जागी पोचलंय का, हे आधी थोडा डाय सोडून तपासतात. मगच औषध. खांदा, गुडघा अशा सांध्यांसाठी बऱ्याचदा सोनोग्राफी वापरतात, त्यात रेडिएशन नसतं.

औषध असतं स्टेरॉइड. लगेच जिम आठवली ना? ते वेगळं. जिममध्ये मसल्ससाठी घेतात ते अ‍ॅनाबॉलिक. हे कॉर्टिकोस्टेरॉइड, नसेभोवतीची सूज उतरवणारं. पण स्पर्धा खेळणाऱ्यांनो, लक्षात ठेवा, २०२२ पासून ‘वाडा’च्या नियमांनुसार स्पर्धेच्या काळात हेही इंजेक्शन चालत नाही.

सोबत दिलेल्या भुलीच्या औषधाने काही तास एकदम भारी वाटतं. तो असर गेला की दुखणं परत येऊ शकतं, कारण स्टेरॉइडला काम करायला काही दिवस लागतात. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, काहींना पडतच नाही. शिवाय शुगर वाढू शकते, क्वचित इन्फेक्शन होतं. म्हणून डायबेटिस, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना आधीच सांगायचं.

आणि मुख्य मुद्दा: इंजेक्शनने चकती जागेवर जात नाही. दुखणं कमी होतं, तेवढ्या वेळात व्यायामाने पाठ मजबूत करायची. दुखत नाही म्हणून खांद्यावर चार थर घेतले, तर शरीराचा अलार्म बंद करून आगीत उभं राहिल्यासारखंच. पायातली ताकद जातेय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय किंवा त्या भागात बधिरपणा येतोय, तर इंजेक्शनची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

मित्राने इंजेक्शन घेतलं. हंडीच्या दिवशी टी-शर्ट घालून आलाही. चिडचीड झाली होती, चेहऱ्यावर दिसत होतं. पण थर लागायला लागले तेव्हा तो बाहेर उभा राहून पोरांच्या हेल्मेटचे पट्टे तपासत होता. ‘‘पुढच्या वर्षी,’’ एवढंच म्हणाला.