इंजिन दुरुस्त करावें कीं बदलावें?

बोरघाट चढतांना रेडिएटरचें पाणी आटलें आणि तरीहि मोटार तशीच हांकीत नेली, तर खंडाळा येईपर्यंत इंजिन तापून जाम होतें. मग तेंच नीट करावें कीं दुसरें आणावें, हा प्रश्न घरांत उभा राहतो. आणि बहुधा इंजिन उघडण्यापूर्वींच, मेस्त्रीनें सांगितलेला आंकडा ऐकून, तो सोडविलाहि जातो. पैसा बुडतो तो येथें.

उघडण्याची मजुरी खुशाल द्यावी, कारण खरा निवाडा मोजमापाचा आहे. हेड बहुधा ॲल्युमिनियमचें. तें उष्णतेनें वांकतें, गॅस्केट जळतें, आणि ऑइलांत पाणी शिरून तें दुधाळ दिसूं लागतें. एवढेंच असेल तर बहुधा हेड घासून सपाट करतां येतें. सिलिंडरला चरे पडले असल्यास बोअर वाढवून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घालतात. अलीकडच्या कांहीं ब्लॉकांना मात्र हें सोसत नाहीं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकलाच भगदाड पडलें असेल, तर दुरुस्तीचा हट्ट व्यर्थ होय.

कारखान्याचें नवें इंजिन जुन्या गाडीच्या किंमतीहूनहि महाग पडूं शकतें. जुन्या बाजारांतलें स्वस्त असतें, पण त्यानें किती घाट पाहिले हें कोण सांगणार? शिवाय इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रांत असतो. तो बदलला कीं आर. टी. ओ. कडे नोंद करून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीलाहि कळवावें लागतें.