राळ, चिमटा आणि चाळिशी

माझ्याकडे पत्र्याच्या एका डब्यात इतक्या वर्षांतले बिघडलेले बोर्ड जपून ठेवलेले आहेत. सगळ्यांत तळाशी २००८ चा. तपकिरी हायलमचा तुकडा, घरी फेरिक क्लोराइडमध्ये कोरलेला, आणि मधोमध एफटी२३२आरएल ही चिप. तिच्या अठ्ठावीस पायांपैकी अकरा एकमेकांना चिकटले आहेत आणि दोन पायांखालचं तांबं उचकटून वर आलं आहे.

त्या चिपकडे मी हौसेनं वळलो नव्हतो. तोवर माझं सगळं काम भोकांच्या बोर्डावर चालायचं. ५५५ काय, ७४१ काय, दोन पायांत अडीच मिलिमीटरांचं अंतर. वरून पाय घालायचे, खालून सोल्डर करायचं. मग घरात नवा लॅपटॉप आला आणि त्याला सिरियल पोर्टच नव्हता. मायक्रोकंट्रोलरशी बोलायचं तर यूएसबीतून, आणि त्यासाठी लागणारी ही चिप भोकांत बसणाऱ्या रूपात मिळतच नव्हती. पुण्याच्या तापकीर गल्लीत दुकानदारांनी ती कागदात गुंडाळून देताना सांगितलं, "घरी नाही जमायचं हे." पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर. माझ्याकडे होतं २५ वॉटचं आयर्न आणि जाड सोल्डरचं रीळ. दुकानदारांचं म्हणणं त्या रात्री खरं ठरलं.

पुढचं वर्षभर मला वाटत होतं की दोष माझ्या हाताचा आहे. तो समज मोडला कोल्हापुरात. आमचे मामा गुजरीत सोनारकाम करायचे. मी तो बोर्ड दाखवला तेव्हा त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "टाकणखार कुठं हाय ह्यात?" मी म्हटलं, आमच्यात टाकणखार नसतो. "मग डाग धरंल कसा? धातू मळका असला की डाग गोळा हुतो, पसरत न्हाई."

सोनाराचा टाकणखार जे करतो तेच आमच्याकडे राळ करते. गरम तांब्यावर आणि कथलावर क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. राळ तो विरघळवते, आणि मगच वितळलेलं सोल्डर धातूवर पसरतं. सोल्डरच्या तारेच्या पोटात थोडी राळ असते, पण एकाच जागी आयर्न टेकवून बसलं की ती जळून जाते. माझ्या चिपच्या पायांवर सोल्डर जास्त झालं होतंच, पण खरी चूक राळ संपल्यावरही आयर्न फिरवत राहण्याची होती. तांबं त्या उष्णतेनंच उचकटलं.

पुण्यात परतल्यावर पहिली गोष्ट घेतली ती फ्लक्स. (आपल्याकडे दुकानात 'पेस्ट' मागितली की फ्लक्सचीच डबी हातात येते, सोल्डर पेस्ट हवी असेल तर फोड करून सांगावं लागतं.) चिप नेमकी बसवायची, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय टाचून घ्यायचे, सगळ्या रांगेवर फ्लक्स चोपडायचं आणि आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन रांगेवरून सावकाश ओढत न्यायचा. थेंब ज्याच्या त्याच्या पायाला वाटून जातो. शेवटी दोन पाय चिकटलेच, तर तांब्याची विणलेली वात ठेवून जादा सोल्डर शोषून घ्यायचं. दुसरी चिप अशी बसली आणि लॅपटॉपनं ती ओळखली, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. घरात कुणाला उठवावं असं वाटत होतं.

तरी घरी कोरलेल्या बोर्डाची एक अडचण उरलीच. त्यावर हिरवा सोल्डर मास्क नसतो, त्यामुळे सोल्डर जिथं तांबं दिसेल तिथं पळतं. ही अडचण पुढच्या दशकात सुटली. बोर्ड आखायचं कायकॅड हे मोफत सॉफ्टवेअर हळूहळू खरोखर वापरण्याजोगं झालं. २०१३ पासून त्यात सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या मंडळींनी हात घातला होता, त्याचा मोठा वाटा. आणि चीनमधले कारखाने हौशी माणसाचे पाच-दहा बोर्डही मास्कसकट काही डॉलरांत करून देऊ लागले. एसएमडीमुळे, म्हणजे भोकांविना बोर्डाच्या पृष्ठावरच बसणाऱ्या भागांमुळे, आमचा छंद संपणार, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणत. मला उलटंच दिसलं. भोकं पाडायचं कंटाळवाणं काम गेलं, बोर्ड लहान झाले, आणि सोल्डरिंग सोपं झालं.

सोपं का, ते मला सगळ्यांत नीट कळलं हॉट एअर गन घेतल्यावर. बिस्मथ मिसळलेली सोल्डर पेस्ट १३८ अंशांना वितळते. क्यूएफएन चिपला बाहेर पायच नसतात, सगळे जोड पोटाखाली. पॅडांवर पेस्ट लावायची, चिप अंदाजानं ठेवायची, गरम हवा गोल फिरवत राहायची. आधी फ्लक्सचा धूर येतो, मग करड्या पेस्टवर एकाएकी चांदीसारखी चकाकी धरते. त्याच क्षणी तिरकी ठेवलेली चिप स्वतःहून हलते आणि जागेवर सरळ होते. वितळलेल्या धातूचा पृष्ठताण तिला ओढून घेतो. आजवर हे कितीदा पाहिलं असेल, पण त्या क्षणी माझा श्वास अजून थांबतो.

हाच ताण कधी वैरी होतो. ०६०३ चा कपॅसिटर म्हणजे १.६ गुणिले ०.८ मिलिमीटर, त्याच्या एका टोकाखालचं सोल्डर आधी वितळलं की तो सरळ उभा राहतो. शिवाय असे कपॅसिटर कोरे असतात. रेझिस्टरवर १०३ लिहिलेलं असतं, म्हणजे दहा किलो-ओहम. कपॅसिटरवर काहीच नाही. म्हणून टेबलावर एका वेळी एकच पुडी उघडायची, हा माझा नियम.

शिसं मी अजून सोडलेलं नाही. युरोपात २००६ पासून त्यावर बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत, पण ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं सुमारे २१७ ला, आणि घरगुती साधनांना तो फरक जाणवतो. टेबलावर खाणं नाही, उठताना हात साबणानं धुवायचे, आणि खिडकीशी लहान पंखा. धुरात शिसं जवळपास नसतंच, पण राळेच्या धुरानं दमा जडू शकतो.

मग चाळिशी लागली. ज्या हाताला मी वर्षभर दोष दिला, तो शाबूत राहिला. डोळे आधी थकले. जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप घेतला. पहिल्या दिवशी त्यातून माझाच चिमटा भूकंपात सापडल्यासारखा थरथरताना दिसला. पण मनगट टेबलावर टेकवलं आणि आठवडाभर सराव केला, तसा हात निवला. डोळ्याला जेवढं बारीक दिसतं, तेवढं बारीक हात करू शकतो, हे मला फार उशिरा समजलं.

२०२१ च्या टंचाईत बाजारात चिपा मिळेनात, तेव्हा याच मायक्रोस्कोपखाली जुन्या बोर्डांवरून एटीमेगा३२८पी उतरवून वापरल्या.

गेल्या दिवाळीत मामा आले होते. ऐंशी ओलांडली आहे. मी ०८०५ चा कपॅसिटर उचलत होतो आणि तो चिमट्याला चिकटून बसला होता. पोलादाला चुंबकत्व लागलं होतं, आणि कपॅसिटरच्या टोकांत निकेल असतं. मामांनी काही न बोलता पिशवीतून आपला पितळी चिमटा काढून दिला, दागिने आम्लातून उचलायचा. टोकं जाड होती. ती मी कानशीनं घासून बारीक केली आहेत. ०८०५ त्यात नीट येतो. ०६०३ साठी अजून थोडं घासावं लागेल.