सिद्धांत, तर्क आणि श्रद्धा

माणसामाणसांतील भांडणे विचार भिन्न असल्यामुळे होतात असे आपण समजतो. परंतु थोडे खोलात जाऊन पाहिले, तर एकाच शब्दाचे दोन निराळे अर्थ दोघांनी मनात धरल्यामुळेही पुष्कळ भांडणे होतात असे आढळून येईल. ‘थिअरी’ हा अशा शब्दांपैकी एक होय. इंग्रजीतून आलेला हा शब्द आता खेड्यातील घरांतही ऐकू येतो. मुलगा महाविद्यालयातून सुट्टीस घरी येतो आणि म्हणतो, “बाबा, मनुष्यदेह खालच्या प्राण्यांपासून विकास पावत आला, अशी थिअरी आहे.” बाप तत्काळ उत्तर देतो, “अरे, ती नुसती थिअरी! देवाने मनुष्य घडविला, हे धर्मशिक्षणात शिकलास ना?” मुलगा गप्प बसतो, पण शाळेचे पुस्तक खरे असेल तर देवळातील शिकवण खोटी असली पाहिजे, असा काटा त्याच्या मनात रुतून राहतो. बापाची निष्ठा खरी, मुलाची जिज्ञासाही खरी. घोटाळा काय तो शब्दाचा. म्हणून हा शब्द कोठे कोणता अर्थ धारण करतो, हे नीट पाहून घेणे प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाच्या हिताचे आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘थेओरिया’ असा असून त्याचा अर्थ ‘पाहणे’ असा आहे. प्राचीन ग्रीसमधील नगरे दूरच्या देवस्थानांतील उत्सवांस आपले प्रतिनिधी पाठवीत. जे घडेल ते डोळे भरून पाहावे आणि परत येऊन सांगावे, हे त्यांचे काम. पुढे तत्त्ववेत्त्यांनी हा शब्द बुद्धीच्या डोळ्यांनी पाहण्यास लावला. आपल्या देशातही तत्त्वज्ञानाच्या पद्धतीस ‘दर्शन’ म्हणतात, आणि दर्शन म्हणजेही पाहणे! पूर्वेकडील ख्रिस्ती आचार्यांनी तर ‘थेओरिया’ हा शब्द परमेश्वराच्या ध्यानदर्शनासाठी योजिला. म्हणजे जो शब्द आज ‘नुसता’ हे विशेषण लावून आपण हिणवतो, तो जन्मतः मोठ्या मानाचा होता.

आता हा शब्द निरनिराळ्या क्षेत्रांत कसा वावरतो ते पाहू. विद्यार्थ्याच्या तोंडी थिअरी म्हणजे पुस्तकी भाग. प्रयोगशाळेत हाताने करावयाचा तो प्रॅक्टिकल. येथे खरेखोटेपणाचा प्रश्नच नाही. संगीतातही तसेच. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि तालाची मात्रा शिकविण्यात आली. ती संगीताची थिअरी होय. ती तर्क नसून वादनामागील व्याकरण आहे. गणितात ‘संख्यांची थिअरी’ म्हणजे संख्यांविषयी सिद्ध झालेल्या प्रमेयांची एक संपूर्ण शाखा. तेथे एकदा निर्दोष सिद्धता मिळाली, की ते प्रमेय कायमचे. उलट, गावात चोरी झाली आणि फौजदार म्हणाला, “माझी थिअरी अशी आहे की चोर घरातलाच असावा,” तर तो केवळ तर्क. उद्या चोर परगावचा निघाला, की तर्क संपला.

बापाच्या मनात असतो तो हा फौजदाराचा अर्थ. विज्ञानाच्या पुस्तकातील अर्थ मात्र निराळा आहे. वैज्ञानिकही आरंभी तर्कच करतो. त्यास ‘गृहीतक’ म्हणावे. त्या गृहीतकावरून अमुक घडले पाहिजे असे तो काढतो आणि ते घडते की नाही हे तपासतो. अनेकांनी, अनेक ठिकाणी, अनेक प्रकारे तपासल्यावर जे टिकते आणि विखुरलेल्या असंख्य गोष्टींचे कारण एका सूत्रात सांगते, त्यास विज्ञानात थिअरी ही पदवी मिळते. नवा पुरावा आल्यास तीत सुधारणा होऊ शकते, हे खरे. पण सुधारणेस मोकळी असणे आणि अंदाजपंचे असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

हा भेद जीवनमरणाचा कसा ठरतो, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने असा नियम केला की, शवविच्छेदन करून येणाऱ्यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्यावाचून बाळंतिणीस स्पर्श करू नये. एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभरांतील सुमारे १८ माता दगावत होत्या. जूनमध्ये ती संख्या दोनच्या आसपास आली. तरीही अनेक डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. हात धुण्याने ताप का टळतो, हे पटवून देणारा जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. पुढे पाश्चर ह्यांच्या प्रयोगांनी आणि १८८२ साली कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिल्याने तो सिद्धांत दृढ झाला. आज क्षयाच्या रोग्यास दोन महिन्यांत बरे वाटू लागले, तरी डॉक्टर साधारणतः सहा महिन्यांची औषधे पुरी करावयास सांगतात. कारण मागे राहिलेले जंतू पुन्हा उठतात आणि औषधांस दाद देईनासे होतात. येथे जो कोणी “ही नुसती थिअरी” म्हणून औषध सोडील, तो आपल्या आणि शेजाऱ्याच्याही जिवाशी खेळेल.

आपल्या मराठीने ह्या घोटाळ्यात थोडी भर घातली आहे, हेही कबूल केले पाहिजे. आपण कधी थिअरीस ‘सिद्धांत’ म्हणतो. शास्त्रार्थात पूर्वपक्षाचे खंडन झाल्यावर जो उरतो तो सिद्धांत. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ज्योतिषग्रंथाचे नावही ‘सिद्धांतशिरोमणी’ असेच आहे. पण ख्रिस्तसभेच्या श्रद्धातत्त्वांनाही आपण ‘धर्मसिद्धांत’ म्हणतो. कधी आपण ‘वाद’ हा शब्द जोडतो : उत्क्रांतिवाद, सापेक्षतावाद. आता साम्यवाद, भांडवलवाद हेही ‘वाद’च, आणि बांधावरून होतो तोही वादच! मग भोळ्या वाचकास वाटते की, उत्क्रांती हा एक पंथ असून त्यात शिरावयाचे की न शिरावयाचे एवढाच प्रश्न आहे. त्यापेक्षा ‘उपपत्ती’ हा जुना शब्द अधिक चांगला. कारण उपपत्ती म्हणजे घडलेल्या गोष्टींची कारणासह लावलेली संगती.

शब्दांच्या अशा ओढाताणीची किंमत ख्रिस्तसभेनेही मोजली आहे. कोपर्निकस हा पोलंडमधील एका कॅथीड्रलचा कॅनन. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादणारा त्याचा ग्रंथ १५४३ साली छापला गेला, तेव्हा ओसिआंदर नावाच्या ल्यूथरपंथी पंडिताने त्यास निनावी प्रस्तावना जोडली. ही गृहीतके केवळ गणितासाठी असून ती खरी असण्याची आवश्यकता नाही, असा तिचा आशय होता. कोपर्निकसाचा तसा अभिप्राय नव्हता. १६१५ साली संत रॉबर्ट बेल्लार्मिन ह्यांनीही एका पत्रात सुचविले की, हे मत गृहीतक म्हणून मांडावे. मात्र खरी सिद्धता मिळाल्यास पवित्र शास्त्रातील वचनांचा अर्थ मोठ्या सावधपणे लावावा लागेल. १६३३ साली गॅलिलिओस शिक्षा झाली. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याच्या जागी दिसणारा सूक्ष्म बदल १८३८ साली मोजता आला. आणि १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्या काळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली. सत्य मान्य केल्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळावयास हवी. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र हे थोर गणिती होते. विश्व प्रसरण पावत आहे असे त्यांनी १९२७ साली मांडले आणि १९३१ साली एका आदिअणूपासून त्याचा आरंभ झाला असावा असे सुचविले. १९५१ साली पोप बारावे पायस ह्यांनी आधुनिक विज्ञानाच्या ह्या दिशेत उत्पत्तीच्या वेळच्या प्रकाशाची साक्ष पाहिली. परंतु लमेत्र ह्यांस हे मिश्रण रुचले नाही. आपली उपपत्ती पदार्थविज्ञानाची आहे. तिने देव सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धेचा पाया त्यांनी दुर्बिणीवर ठेवला नाही. म्हणूनच दुर्बिणीतून काय दिसेल ह्याचे त्यांस भय नव्हते.

मग आपल्या बापलेकांचे काय? १९५० साली पोप बारावे पायस ह्यांनी मनुष्यदेहाच्या उगमाविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली, मात्र आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करतो हे श्रद्धातत्त्व अढळ ठेविले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी उत्क्रांतीची उपपत्ती ही गृहीतकाहून अधिक काही आहे असे म्हटले. म्हणजे मुलाचे पुस्तक धर्माचे वैरी नव्हे, आणि बापाची श्रद्धाही अज्ञान नव्हे. देह कोणत्या क्रमाने घडत आला, हा विज्ञानाचा प्रश्न. मनुष्य कोणाच्या इच्छेने आणि कशासाठी आहे, हा श्रद्धेचा. धर्मसिद्धांत ही प्रयोगाने मिळविलेली उपपत्ती नसून परमेश्वराने केलेल्या प्रकटीकरणाचा स्वीकार आहे. त्यास प्रयोगशाळेत नेऊन तपासता येत नाही, तसेच प्रयोगशाळेतील गोष्ट केवळ प्रवचनाने खोडून काढता येत नाही.

म्हणून आईबापांस आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी अशी काही नवी गोष्ट घेऊन घरी आली, तर “नुसती थिअरी” म्हणून तिचे तोंड मिटवू नका. “ही थिअरी कोणत्या अर्थाची? पुरावा काय? ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही?” असे शांतपणे विचारा. उत्तर तुम्हांस न आले तरी चालेल. आपल्या धर्मगुरूंकडे किंवा जाणत्या शिक्षकाकडे मिळून जा. ज्या घरात प्रश्न विचारण्यास जागा असते, त्या घरातील तरुणास श्रद्धा व ज्ञान ह्यांपैकी एकच निवडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

आणि सायंकाळी दिवा लागल्यावर सारे कुटुंब जपमाळेची रहस्ये मनासमोर आणीत बसते, तेव्हा ते काय करीत असते? ख्रिस्ताच्या जीवनाकडे ते एकाग्र होऊन पाहत असते. ‘थेओरिया’ ह्या शब्दाचा सर्वांत जुना आणि सर्वांत गोड अर्थ तोच होय.