घोटभर पाण्यातली हिरवळ

मैत्रिणींनो, आपल्या बीडमध्ये घरात झाडं लावायची म्हटलं, की पहिला प्रश्न पाण्याचा! २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडेही टँकरची वाट बघण्यात दिवस जायचे. अंगणातला मोगरा वाळून गेला. अशात मी मनी प्लांटची फांदी घेऊन आले, तर सासूबाई म्हणाल्या, ''अगं, माणसाला पाणी मिळंना अन् तू झाडं लावायलीस?''

त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून ठरवलं, झाडासाठी वेगळं पाणी काढायचंच नाही. फांदी पेराच्या खाली कापली आणि बाटलीत पेर बुडेल इतकंच पाणी घातलं. काही आठवड्यांत मुळं फुटली. मग ती कुंडीत लावली. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी तिला पुरतं. वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. जास्त पाण्यानं मुळं कुजतात. खिडकीजवळ उजेड हवा, पण दुपारचं कडक ऊन नको, पानं करपतात.

बाजारातलं रताळं अर्धं पाण्यात बुडवून ठेवलं, तरी सुंदर वेल येतो. स्पायडर प्लांट टांगला, तर त्याला लोंबणारी पिल्लं नव्या कुंडीत लावता येतात. खर्च जवळजवळ शून्य!

दोन गोष्टी मात्र विसरू नका. बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी बदला आणि बाटली आतून घासून घ्या. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतात. आणि मनी प्लांट रांगत्या बाळाच्या हाताला लागू देऊ नका. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते.

बचत गटाच्या बैठकीला जाताना मी फांद्या घेऊन जाते. एकदा ऊसतोडीला जाणारी एक ताई म्हणाली, ''आम्ही सहा महिने कारखान्यावर. याला कोण बघंल?'' तरी तिनं फांदी नेली आणि गावी राहणाऱ्या सासूच्या हवाली केली. उन्हाळ्यात परत आली, तेव्हा वेल दाराच्या चौकटीपर्यंत पोचला होता. ''घर उघडलं, तर कुणीतरी वाट बघत होतं असं वाटलं,'' ती म्हणाली.

आमच्या सासूबाई? आता तांदूळ धुतलं, की पातेलं त्याच उचलतात!